बाटलीत परत ओतलेलं ॲसिड

१४ ऑगस्ट
तोक्तोगुलच्या इसाबेक-आतांच्या (वडीलधाऱ्यांना आम्ही 'आता' म्हणतो) मधात आमच्या प्रयोगशाळेत अँटिबायोटिक निघालं. आलेखावर सातव्या मिनिटाला शिखर — टोकदार, त्या औषधाच्याच जागी. नमुना यंत्रावर तीनदा चालवला, तीनदा तेच. तिकडे तोक्तोगुलमध्ये ट्रक भरून उभा, सकाळपासून फोन. मध न घालता नुसतं पाणी चालवून बघायचं घाईत राहिलं. अहवालावर सही केली.

१९ ऑगस्ट
इसाबेक-आता स्वतः बिश्केकला, प्रयोगशाळेत आले. मधमाश्यांच्या पेट्या मुलगा बघतो म्हणाले, एल्दियार. औषध घातलं असेल तर त्यानंच. मी आलेख दाखवला. टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ बघत बसले. प्रयोगशाळेतल्या आमच्या थोरल्या ताई, सबीरा-एजे, त्यांनी दिलेला चहा गार झाला.

२७ ऑगस्ट
एल्दियार घर सोडून रशियाला गेला. आतांचाच फोन होता.
"पाव हातात धरून शपथ घेतली पोरानं. तरी मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही."

२ सप्टेंबर
फॉर्मिक ॲसिडची नवी बाटली आली — सीलबंद, सगळ्यात शुद्ध प्रतीचं. हजार भाग पाण्यात एक भाग; मध विरघळवायला हेच पाणी. यंत्र तपासायला म्हणून आतांचा राखून ठेवलेला नमुना चालवला. सातव्या मिनिटाला सपाट रेघ!
मग जुन्या बाटलीतल्या ॲसिडचं नुसतं पाणी चालवलं. मध नाही, काही नाही.
शिखर.
औषध आमच्याच बाटलीत होतं.

३ सप्टेंबर
तुलनेसाठी ते औषध आम्ही ज्या काचेच्या मापात घेतो, त्याच मापात कुणीतरी ॲसिड घेतलं. आणि उरलेलं बाटलीत परत ओतलं.
परत ओतायचं नाही, असा कागद भिंतीवर आहे. पण टेबलावरचा पावाचा चुराही तळहातावर गोळा करून तोंडात टाकणारी माणसं आम्ही. शुद्ध ॲसिडचा घोट मोरीत ओतताना हात अडतो. एजे तर काही मिळत नव्हतं त्या काळात शिकलेल्या. त्यांनीच मला शिकवलं.
त्यांना सांगितलं तेव्हा मापं विसळत होत्या. वळल्या नाहीत.
"मीच ओतलं असणार, बुरुल. आतांना चूक कळवायच्या पत्रात माझं नाव घाल. नाहीतरी डिसेंबरात घरीच बसायचंय मला."
मी नको ते बोलले. एका पोराचं घर सुटलं तुमच्या काटकसरीपायी, असंही बोलले. त्या विसळत राहिल्या.
नाव घातलं.

६ सप्टेंबर
तोक्तोगुलला जाऊन पत्र दिलं. आतांनी दोनदा वाचलं. पेटीतल्या किडीवर आम्ही ठेवतो तेच का हे ॲसिड, विचारलं. तेच, पण फार शुद्ध, म्हटलं. मग पत्रातल्या नावावर बोट ठेवून विचारलं, ओतलं ते ह्यांनीच? एजेंनीच, म्हटलं.
माझ्यासमोर एल्दियारला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सहा वेळा.
"त्याची शपथ मी ऐकली नाही," म्हणाले. "आता माझा फोन तो कशाला ऐकेल?"
निघताना रुमालात बांधून पाव दिला. "त्या बाईंना दे. चूक कबूल केली त्यांनी. मला अजून जमलेलं नाही."

७ सप्टेंबर
एजेंना पाव दिला, आतांचा निरोप सांगितला. त्यांनी पाव कपाळाला लावला. तुकडा मोडून आधी मला दिला.

९ सप्टेंबर
नोंदवही काढली. ती बाटली ८ ऑगस्टला उघडली. ५ ते १६ ऑगस्ट एजे नारिनला होत्या — बहीण गेली त्यांची. विसरलेच होते! त्या दिवसांत ॲसिडच्या पानावर अक्षर एकच आहे. माझं.
वही एजेंच्याच कपाटात असते. त्यांना माहीत होतं.
आतांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
"एल्दियार?" म्हणाले.