नऊशेपैकी सहाशे एक्केचाळीस

३ जानेवारी
नव्या वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. दोन दिवस उशीर झाला. दोन दिवसांनी काय बिघडतं?

मोठी बातमी. बायको बारा वर्षं ज्या शिवणकामाच्या दुकानात काम करते, त्याची मालकीण दुकान विकून लेकीकडे राहायला चालली आहे. चार मशिनं, दोन इस्त्रीची टेबलं, बांधलेलं गिऱ्हाईक. बायकोला पहिला मान. मुदत एकतीस मार्च. तिने पाच वर्षं थोडेथोडे पैसे साठवलेत, बाकीचं कर्ज. जेवताना इतकं भरभर बोलत होती की मला वाढायचंच विसरली.

मी म्हटलं, कर्जाचं माझ्यावर सोड. एकोणीस वर्षं विमा कंपनीत आहे, क्लेम खात्यात सीनियर. बँक मला नाही म्हणेल? ती म्हणाली, अहो, आधी तुमचा क्रेडिट स्कोअर बघू या का. मी नुसता हसलो.

६ जानेवारी
बँक. काउंटरवर एक चष्मेवाली, जेमतेम तिशीची. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, सहाशे एक्केचाळीस. विचारलं, हजारपैकी? म्हणाली, नऊशेपैकी. साडेसातशेच्या वर असेल तर बोलता येईल.

नोकरीची वर्षं सांगितली, हुद्दा सांगितला. म्हणे, सर, त्याचे मार्क यात नसतात. घेतलेले पैसे वेळेवर परत केलेत का, हे मुख्य. म्हणजे माणूस कसा आहे हे कोणी बघतच नाही! दहा मिनिटं सुनावलं तिला. मागे रांग होती, त्यांनाही पटलेलं दिसलं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

घरी सांगितलं, किरकोळ टेक्निकल अडचण आहे.

९ जानेवारी, दुपारी १.४०
लंच टाइममध्ये ऑनलाइन आठ ठिकाणी अर्ज टाकले. आता या लोकांची आपसात चढाओढ लागेल आणि व्याज आपोआप खाली येईल. शेजारच्या टेबलावरच्या बडबड्याने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, फायनान्स.

१७ जानेवारी
आठही ठिकाणी नकार. स्कोअर ६१७.

चष्मेवाली सांगते, प्रत्येक अर्जाला ती ती कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद होते. एका दिवसात आठ नोंदी म्हणजे माणूस पैशांसाठी वणवण करतोय असं दिसतं. मी वणवण केली? खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो.

२१ जानेवारी
बँकेला धडा शिकवला. अकरा वर्षांचं जुनं क्रेडिट कार्ड बंद करून टाकलं. फोनवरच्या मुलीने कारण विचारलं. म्हटलं, स्वाभिमान. तिच्या यादीत ते नव्हतं. तिने ‘इतर’ निवडलं.

कार्डाचे चार तुकडे केले. बायको चिडली, पण कार्डावरून नाही. तिची कापडाची कात्री प्लास्टिकवर चालवली म्हणून.

२ फेब्रुवारी
५९४.

ते कार्ड म्हणजे म्हणे माझी सगळ्यात जुनी नोंद होती, आणि मर्यादाही त्याचीच मोठी. आता उरलेल्या एका कार्डावर पन्नास हजारांपैकी शेहेचाळीस हजार उचललेत, ते डोळ्यांवर येतं. तीस टक्क्यांच्या आत राहावं, असं चष्मेवालीचं मत. मी विचारलं, मग पन्नासची मर्यादा देता कशाला? मिनिमम रक्कम मी दर महिन्याला भरतो, हेही ऐकवलं. जवळजवळ दर महिन्याला.

बायकोने विचारलं, कार्डावर किती आहेत? म्हटलं, थोडेफार.

५ फेब्रुवारी
नवा फ्रिज गुरगुरतो. चौथ्या तक्रारीनंतर कंपनीचा माणूस आला, दाराला कान लावला आणि म्हणाला, फ्रिज असाच आवाज करतो. ठरवलं. गुरगुर थांबेपर्यंत हप्ता बंद. ज्या खात्यातून हप्ता जातो त्यात पैसेच ठेवायचे नाहीत. येतील झक मारत.

बायकोला बोललो नाही. तिच्या डोक्याला दुकानाचा व्याप काय कमी आहे?

१२ फेब्रुवारी
आज सविस्तर रिपोर्ट काढून घेतला. त्यात सहा वर्षांपूर्वीचं माझं गाजलेलं प्रकरण आहे. एका कार्ड कंपनीने मला लेट फी लावली होती. एक दिवसाचा उशीर, तोही रविवारचा! तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी सगळंच बिल थांबवलं. दीड वर्ष फोन उचलला नाही. शेवटी बावीस हजारांचे नऊ हजार घेऊन गप्प बसले. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगतो. बायको तेवढ्यात पाणी आणायला उठते.

तर रिपोर्टमध्ये त्यापुढे स्पष्ट ‘सेटल्ड’ लिहिलंय. चष्मेवालीला बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, सर, सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत, कंपनीने उरलेल्यांवर पाणी सोडलं. रिपोर्टमधला सगळ्यात मोठा डाग हाच आहे.

डाग! मन इतकं खट्टू झालं की दुपारी जेवलो नाही. चार वाजता जेवलो.

१३ फेब्रुवारी
ऑफिस. एक म्हातारे गृहस्थ आले होते. बायकोच्या हॉस्पिटलच्या बिलाचा क्लेम, तीन दिवस उशिरा. परत केला. त्या तीन दिवसांतच ती गेली, असं काहीतरी सांगायला लागले. मध्येच थांबवलं. एकेकाचं ऐकत बसलो तर खातं चालायचं कसं? बडबड्या दिवसभर माझ्याशी बोलला नाही. शांततेत बरंच काम उरकलं.

२४ फेब्रुवारी
बायको म्हणते, मी एकटीच्या नावावर अर्ज करते. तिचा स्कोअर ७७२! कसा, तर एकच कार्ड, तेही बेताने वापरायचं आणि तारखेच्या आधी पूर्ण बिल भरायचं. कपाटाच्या दाराला आतून तारखांचा कागद चिकटवलाय. यात कसब कसलं? आयुष्यात काही धाडसच केलं नाही तर कोणाचाही येईल. तरी मोठ्या मनाने परवानगी दिली. ती म्हणाली, मी विचारत नव्हते, सांगत होते.

१० मार्च
तिचं कर्ज तत्त्वतः मंजूर. पैसे देण्याआधी एकदा शेवटची तपासणी, एवढंच बाकी.

ती टेप घेऊन दुकानाच्या भिंती मोजून आली. ट्रायल रूमचा आरसा कुठे लावायचा, हे मला कागदावर काढून दाखवलं. मी दोन सूचना केल्या. तिने आनंदाच्या भरात एक मान्यही केली. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं एका कागदावर वाकून बसलो होतो.

२२ मार्च
लिहायला हात होत नाही.

बँकेत मीही गेलो होतो, चांगला शर्ट घालून. चष्मेवाली स्क्रीनकडे बघतच राहिली. ६८९. फ्रिजचे दोन हप्ते थकलेले. फ्रिजचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्या एकट्याच्या नावावर तेव्हा पास होईना, म्हणून तिची सही घेतली होती.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आवाजाचं सांगायला लागलो, तर म्हणाली, अहो, गप्प बसा. चारचौघांत असं ती कधीच बोलली नव्हती. मग चष्मेवालीला तिने विचारलं, आत्ता इथे बसून भरले तर? चष्मेवाली म्हणाली, थकबाकी मिटेल, पण उशिराची नोंद राहील, स्कोअर सावकाश चढेल. किती सावकाश? सहा महिने, वर्ष. मुदतीला राहिलेत नऊ दिवस.

मी म्हटलं, अहो मॅडम, दोन हप्त्यांचा तर प्रश्न आहे! ती म्हणाली, नियम माझ्या हातात नाही, सर. हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून दहादा म्हणतो. समोरून ऐकायला फार वाईट लागतं.

पण चूक मुळात फ्रिज कंपनीची आहे. त्यांना पत्र लिहिणार.

३१ मार्च
दुकान तिथेच काम करणाऱ्या एका उंच मुलीने घेतलं. तीन वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा पँटला चेन कशी बसवायची, हे बायकोनेच तिला शिकवलं होतं. मालकीणबाई रडल्या म्हणे. बायको नाही रडली. उद्यापासून त्याच मशिनवर, त्याच पगारात.

समजूत घालायला गेलो. म्हटलं, झालं ते बरंच झालं, दुकान म्हणजे किती ताप, भाडं, गिऱ्हाइकांची कटकट. ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली. चिरून संपली तरी सुरी चालूच होती.

६ एप्रिल
दुकानासाठी साठवलेल्या पैशांतून तिने फ्रिजचं सगळं कर्ज एकदम फेडलं. पावती माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, यापुढे दोघांच्या नावावर काहीही घ्यायचं नाही. विचारलं, काहीही म्हणजे? म्हणाली, काहीही.

फ्रिज कंपनीला पत्र लिहायचं राहिलं.

९ मे, सकाळी ९.१०
स्कोअर बघितला. ५७१. गेल्या महिन्यापेक्षा अकराने वर! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर गेला. फोन हातात घेऊन तसाच बाहेर धावलो. बायको कामावर निघाली होती, चप्पल घालत होती. म्हटलं, अकरा वाढले! ती म्हणाली, ते मी भरलेत. आणि दार ओढून गेली.

मग बडबड्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. आणखी कोणाला सांगावं, कोणी सुचेना.