मेजरचा पाय आणि कडू दूध

ओचिनेनेजवळची वस्ती,
रविवार, प्रार्थना आटोपल्यावर

चि. वेकोंजा हिला थोरली बहीण ओटिली हिचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. गुरं धट्टीकट्टी, शेळ्या व्यायला लागल्या आहेत, माझी कंबर जागेवर आहे. तू, तुझे यजमान, मुलं, सगळे बरे असालच. तुमच्या गुरांची खुशाली विचारत नाही, कारण विंडहुकच्या त्या दुसऱ्या मजल्यावर गुरं नाहीत, आणि या एका गोष्टीपायी आईने तुझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत धड ‘ये, बस’ म्हटलं नाही. (नुसतं ‘बस’ म्हणायची.) फोन करणार होते, पण फोनसाठी इथे टेकडीवर चढावं लागतं आणि टेकडीवर बोललेलं सगळी वस्ती ऐकते. म्हणून हे पत्र गाडीवाल्याच्या हाती देते आहे.

तू लिहितेस, मित्सीचे केस झडतात, ती खात नाही, कोपऱ्यात बसून राहते, आणि तू तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेणार आहेस. वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, मी जिवंत असताना आपल्या घरच्या मांजराला डॉक्टर कशाला? सुया आणि गोळ्या कोणासाठी, तर ज्यांना मुळ्या-पाला ओळखता येत नाही त्यांच्यासाठी. आता माझा अनुभव लिहिते तो नीट वाच. वाचून झाल्यावर जायचं तर जा बापडी, पण जाणार नाहीस याची मला खात्री आहे.

आमचा कुत्रा मेजर तुला आठवतच असेल. (हे नाव ठेवलं तेव्हा ह्यांना जरा लागलं होतं, कारण आपले पुरुष दरवर्षी गणवेश घालून वाडवडिलांसाठी लाल निशाणाचं संचलन करतात, त्यात हे अजून कॉर्पोरलच आहेत.) पिल्लू असल्यापासून तो शेळ्यांत वाढला, शेळ्यांतच झोपला, आणि स्वतःला शेळीच समजतो, फक्त जरा कडक स्वभावाची. तो राखणीला असताना कोल्ह्याने कधी करडू नेलं नाही. पण यंदा थंडी पडली आणि त्याचा मागचा पाय आखडला. सकाळी शेळ्या निघायच्या, हा उठायचा, थोडं चालायचा नि मटकन खाली बसायचा, आणि कळप दिसेनासा होईपर्यंत तिकडे बघत राहायचा. मला ते बघवेना, वेकोंजा. खरंच बघवेना.

एक दिवस हे खाता खाता म्हणाले, “शेळ्या व्यायच्या आत नवा कुत्रा आणायला हवा. म्हाताऱ्याला दादाकडे सोडून येतो.” दादा म्हणजे आमचे थोरले भावजी, चिपे, वस्तीच्या पलीकडच्या टोकाला राहतात. भावजी देवमाणूस, पण निकामी जनावरावर त्यांच्याकडे एकच औषध आहे, आणि ते भिंतीवर टांगलेलं असतं, नळी आणि चापाचं. मी हातातलं भांडं आपटलं. म्हटलं, “शेळ्या व्यायला लागेपर्यंत मला मुदत द्या. तोवर मेजर कळपाबरोबर गेला नाही, तर मी एक शब्द बोलणार नाही.” ह्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तू? आणि एक शब्द नाही?” म्हणाले, आणि मुदत दिली.

मी लागले कामाला. हे बैल बघायला गोबाबिसला, मोठ्या गावी, जायला लागले होते, तेवढंच मला रान मोकळं. आधी हाडांचा रस्सा केला. तो मेजर प्यायला, हेही प्यायले, फरक कोणालाच पडला नाही. मग वाळूतली ती आकड्याची मुळी खणली, जिचं फळ शेळीच्या खुरात रुतलं की शेळी तीन पायांवर नाचते. आईचे गुडघे धरले की ती तिचाच काढा घ्यायची आणि आपल्याला बाहेर पिटाळायची, वेडंवाकडं झालेलं तोंड पोरींनी बघू नये म्हणून. आता शहरात म्हणे हीच मुळी डबीत भरून, वर हसऱ्या कुत्र्याचं चित्र लावून विकतात. मेजर काही हसला नाही. मी चकत्या करून पत्र्यावर वाळवल्या, कुटल्या, चाळल्या. मक्याच्या खिमटात कालवून दिली, तर खिमट तसंच ठेवून निघून गेला. तुपात माखून दिली, तर तूप गेलं. मांसात भरून दिली, तर मांस गेलं आणि मुळी थाळीत राहिली, चाटूनपुसून लख्ख. इतका अक्कलवान कुत्रा, आणि त्याला निकामी म्हणायचं!

शेवटी सुचलं ते ओमाएरे. मेजरचा त्या आंबट दुधात जीव अडकलेला असतो. मी विचार केला, दूध घुसळायचा भोपळा तर रोज हलवायचाच असतो, मग मुळी वेगळी कशाला घोटत बसा? चमचाभर सरळ भोपळ्यातच टाकली. एवढ्या आंबटात कडू कोणाला कळणार? (हसू नकोस. तू हसते आहेस ते मला इथून दिसतंय.) मेजर घटाघटा प्यायला. मी जिंकले, आणि मग रोजच टाकत गेले. एक गोष्ट मात्र डोक्यातून पार निसटली, की भोपळा आपण कधी धूत नाही. कालच्या तळाशी राहिलेल्यावर आजचं दूध, आजच्यावर उद्याचं. आईच्या हातचं विरजण त्यात अजून आहे, आणि आता त्याच्या जोडीला मुळी मुरत चालली होती.

आणि थोरल्याने चाखल्याशिवाय आपल्यात दुधाला तोंड कोण लावतं? भावजी रोज सकाळी येतात, पवित्र अग्नीपाशी बसतात, घोट घेतात, मान डोलावतात, मग बाकीच्यांचं पिणं. त्या दिवशी त्यांनी घोट घेतला आणि मान डोललीच नाही. डोळे तेवढे भरून आले. पण दुधाला नावं ठेवणं म्हणजे गायींना नावं ठेवणं, आणि गायींना ठेवणं म्हणजे वाडवडिलांना. भावजी तसले नाहीत. गिळलं. दुसऱ्या दिवशीही गिळलं. आम्ही बाकीचेही त्यांच्याकडे बघून मुकाट गिळत होतो. शेवटी एका सकाळी त्यांनी ह्यांना समोर बसवलं. “उआझुवा, खरं सांग. या घरात काय पाप शिजतंय? वाडवडिलांनी दूध कडू केलंय.”

हे घाबरले. (शेजारी मी नसले की कॉर्पोरल असाच.) म्हणाले, “दादा, शपथ, काही केलं नाही. फक्त मेजरला तुझ्याकडे आणून सोडायचं म्हणत होतो.”

भावजींनी विस्तवातलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, “दूध सुधारेपर्यंत त्या कुत्र्याला कोणी हात लावायचा नाही.” मी चुलीपाशी शालीचं टोक तोंडात कोंबून उभी होते. आता तूच सांग, असं म्हटल्यावर दूध सुधारू देणारी मी कोण? दुसऱ्या दिवसापासून दोन चमचे.

आणि मेजरला गुण आला! आधी शेपटी हलायला लागली, मग पाय मोकळा झाला, मग एका सकाळी शेळ्यांच्या पुढे होऊन निघाला. परवा कोल्हा आला तर असा सुटला त्याच्यामागे की धुरळ्यात दोघंही दिसेनासे झाले, आणि परत आला तो एकटा, छाती काढून. वस्तीत माझा नुसता बोलबाला आहे. कोणी कुत्र्यासाठी मुळी मागतं, कोणी सासूसाठी. तेव्हा मित्सीला जेवणात चमचाभर माशाचं तेल, वाटलेलं अंड्याचं टरफल आणि चिमूटभर मुळी (पुडी सोबत आहे) दे, आणि डॉक्टरला सांग, तुमची गरज नाही, माझी थोरली बहीण आहे.

सगळ्यांना नमस्कार. मुलांचे मुके घे.

तुझी,
ओटिली

ता.क. पत्र बंद केलं होतं, पण गाडीवाला आलाच नाही, म्हणून उघडलं. आत्ता सरपण आणायला शेळ्यांच्या कुंपणामागे गेले, तर हे मेजरपुढे उकिडवे बसलेले. मांसाच्या तुकड्यात एक पांढरी गोळी खुपसत होते. “खा रे राजा, लवकर खा. तिला कळलं तर आज आपण दोघंही उपाशी.” (ही गोळी मात्र मेल्याने थाळीत ठेवली नाही!) आता कळलं, हे सारखे गोबाबिसला बैल बघायला का जातात आणि एकही बैल पसंत का पडत नाही. मला आधी संताप आला. मी सरपण न घेताच मागे फिरले आणि चुलीपाशी बसून रडले, आणि ते रडू काही संतापाचं नव्हतं.

ता.क. २. मित्सीला आजच्या आज डॉक्टरकडे ने. पुडी उघडू नकोस.

ता.क. ३. तिथे गेलीस की मेजरसाठीही विचार. गोळीच्या पाकिटावरचं नाव मी हे बाहेर गेल्यावर उतरवून घेतलं आहे, मागच्या बाजूला बघ. ह्यांच्याजवळच्या गोळ्या संपत आल्या आहेत, आणि गोबाबिसमधले बैलही आता संपले असतील. पुडकं ह्यांच्या नावाने पाठव, माझ्या नाही, आणि आत चिठ्ठी घालू नकोस. मुळी मी बंद करत नाही. केली तर ह्यांना वाटेल, मला कळलं.