गावाकडचा डाव

आप्पा, आज धाकटी तुमचा बुद्धिबळाचा पट घेऊन गेली, म्हणून लिहिते आहे. तिला लेकीला शिकवायचं आहे. मी म्हटलं, "बाजारात मिळतो." ती म्हणाली, "ताई, तुझ्या कपाटात कोण खेळतंय त्याच्याशी?" तुमची लाडकी अजून तशीच बोलते.

गाव सोडून गुजरातेत आल्यावर लिंबायतच्या खोलीत, मागावरून आणलेल्या कोऱ्या कापडावर घरं आखून तुम्ही मला गावाकडचा डाव शिकवलात. प्यादं एकेकच घर पुढे, आणि शह बसण्याआधी राजाला घोड्यासारखी एक उडी. "राजाले आधी कोपरामा बसाड," म्हणायचात. कॉलेजच्या स्पर्धेआधी मी विचारलं होतं, तिथले नियम वेगळे असतील का. "बुद्धिबळ सगळीकडे एकच," म्हणालात. स्पर्धेच्या दिवशी तुम्ही मागावरची पाळी बुडवून खिडकीबाहेर उभे आहात. समोरची मुलगी पहिल्याच खेळीत प्यादं दोन घरं टाकते. मला वाटतं, हिला येत नाही, पण पंच गप्प आहेत. मग मी राजा उचलून उडी मारते आणि तेच पंच म्हणतात, "बेन, राजा आम ना कूदे," राजा असा उडत नाही. सगळे हसतात. उडी परत घ्यावी लागली, आणि हात लावलेला राजा तर हलवावाच लागतो. तो एक घर पुढे, उघड्यावर आला. मात व्हायला वेळ लागला नाही.

तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही पंचांना गाठून नवे नियम समजून घेतलेत आणि त्या संध्याकाळी धाकटीला समोर बसवलंत. मला म्हणालात, "तू आता अभ्यासाकडे बघ." डावाची सुरुवात कशी करायची, उडीऐवजी राजाला हत्तीआड नेणारा किल्लेकोट कधी करायचा, सगळं तिला. पुढे ती कप घेऊन आली, तो तुम्ही गल्लीभर दाखवलात. माझ्या हरण्यातून तो आला, हे कुणी म्हटलं नाही. तिच्या घरी गेले की मी अजून त्या कपाकडे पाठ करून बसते.

आज पटाची घडी उलगडत ती म्हणाली, "आप्पा माझ्याशी गावाकडचा डाव कधी खेळलेच नाहीत. मी किती मागे लागले. म्हणायचे, तो ताईचा." मी चहा गाळत होते, गाळतच राहिले. "तू तरी शिकव ना," ती म्हणाली.

हा कागद कपाटात, पटाच्या जागी ठेवते आहे. तिला दिलं ते एवढं: पट, सोंगट्या आणि त्यांची नाडीची पिशवी. डाव दिला नाही. "विसरले," म्हटलं. विसरलेले नाही.