बाबा, चाळणी खाली ठेवा

प्रिय बाबा,

फोनवर बोलणं होतंच आपलं, मग हे पत्र कशाला, असं तुम्ही आईला नक्की विचाराल. फोनवर खोकला आला की तुम्ही फोन तिच्याकडे देता, आणि ती म्हणते, "काही नाही गं, पाणी प्यायला गेलेत." मागे तुमचा श्वास शिट्टीसारखा वाजत असतो. पत्र असं मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून, सावकाश, शेवटपर्यंत वाचा.

माझं बरं चाललंय. ज्या इमारतींच्या खिडक्या उघडतच नाहीत, त्यांत आम्ही कुंड्या नेऊन ठेवतो आणि मग त्या जगवत बसतो. एका कार्यालयातले हिशेबनीस उरलेली कॉफी रोज मनीप्लांटला घालतात. मी हटकलं तर म्हणाले, "अहो, दुपारी त्यालाही झोप येते." पानं पिवळी पडली तेव्हा तेच गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. वरची माती काढून नवी भरली, आणि त्यांच्या टेबलापासून कुंडी लांब हलवली. मला तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही माझ्या शब्दाबाहेर कधी एक थेंबही घातला नसता.

मी नोकरीसाठी इकडे यायला निघाले तेव्हाचे दिवस आठवतात ना? भुशानं छाती भरली म्हणून डॉक्टरांनी तुमचं सुतारकाम बंद केलं होतं. तुम्ही दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून खुर्च्यांचे आधीच घट्ट असलेले स्क्रू आवळायचात. आई म्हणायची, "आता माझेही आवळायला येतील." तुम्हाला तसं बसलेलं सोडून जायला माझा पाय निघेना. म्हणून तुमच्या खोलीत त्या कुंड्या आणल्या. तुमच्यासाठी आणल्या असं मी सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर मला निघता यावं म्हणून आणल्या होत्या.

किती मन लावून शिकलात तुम्ही! माती, खत आणि नारळाच्या काथ्याचा भुगा सारखे घ्यायचे. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोट लावताच सुटावा. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा. गांडूळखताचं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं की पुरे, आणि तेही माती ओलसर असतानाच द्यायचं. तुम्ही तर लाकडाच्या उरलेल्या पट्ट्यांची चाळणीच केलीत, तीही अशा सांध्यांची की तिच्यात तान्हं मूल झोपवावं. तेव्हा मी तुम्हाला दोन गोष्टी ठासून सांगितल्या. माती आणि खत कोरडंच चाळा, ओलं जाळीत अडकतं. आणि खिडकी लावून घ्या, नाहीतर वाऱ्यानं सगळं आईच्या स्वयंपाकघरात जाईल. तुम्ही मान डोलावलीत. भुशानं आजारी पडलेल्या माणसाला मी बंद खोलीत धूळ चाळायला बसवते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भुसा वाईट आणि माती चांगली, इतकं सोपं वाटलं होतं मला.

इथे कामावर रुजू झाले त्याच दिवशी आम्हाला पोती उघडायला शिकवलं. आधी तोंडावर पट्टी बांधायची, खिडक्या उघडायच्या, खतावर पाणी शिंपडायचं, मगच हात घालायचा. कोरड्या खताच्या धुळीत बुरशी असते, ती छातीत उतरते. आमच्या साहेबबाई म्हणाल्या, "कुणाला दम्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा, त्यांनी या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही." जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन मी तुम्हाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, तुमच्या लिलीला फूल आलंय! खालच्या शिंप्यांना वर बोलावून दाखवलं. म्हटलं, लेकीनं शिकवलंय." मी म्हणाले, "वा!" मग खत किती दिवसांनी देता ते विचारलं. लिलीबद्दल बराच वेळ बोललो आपण. ज्यासाठी फोन केला होता, ते मी बोललेच नाही.

का बोलले नाही? पुढच्या रविवारी सांगू, असं त्या दिवशी ठरवलं. तो रविवार आला तेव्हा तुम्ही नवी कुंडी भरली होतीत. खोकला जुनाच आहे, चार कुंड्यांनी काय होणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण बाबा, आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. "पुस्तकात आहे" असं मी म्हटलं की तुम्ही आईशी चाललेला वादसुद्धा थांबवायचात. शिकून लोकांच्या उपयोगी पडायचं, असं मी गावभर सांगत सुटायचे, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग तुम्हाला झाला होता. तो उलटा झाला, हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुमच्या नजरेत लहान व्हायचं नव्हतं मला. म्हणून मी तुम्हाला चाळू दिलं. कुंड्या वाढत गेल्या, शेजाऱ्यांच्याही तुम्हीच भरून देऊ लागलात. आई चिडवायची, "मला जेवलीस का विचारत नाहीत, त्या पानवालीला विचारतात." मी इथे हसायचे, आणि फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही.

परवा आईनं घराबाहेर जाऊन, तुम्हाला कळू न देता फोन केला. डॉक्टरांनी माती, खत सगळं घरातून काढायला सांगितलं, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "माझी लेक याच विषयात शिकली आहे. तिनं सांगितलेलं चुकीचं कसं असेल?" घरी येऊन परत चाळायला बसलात म्हणे. आई रडून रडून सांगून थकली. तुम्ही फक्त माझं ऐकाल, असं तिचं म्हणणं आहे. मग माझंच ऐका. डॉक्टरांचं बरोबर आहे. माझं चुकलं होतं, आणि चुकलंय हे कळल्यावरही मी गप्प बसले, ते त्याहून वाईट. आता एकाही पोत्याला हात लावू नका. शिंपीकाकांशी मी बोलले आहे, ते पाणी शिंपडून सगळं खाली नेतील. तोवर तुम्ही आतल्या खोलीत बसा. लिलीसुद्धा जाऊ द्या. मी रजा टाकली आहे, येतेच आहे, तेव्हा काय बोलायचं ते समोर बोला. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना तुमच्याच तोंडानं सांगा, माझ्या लेकीचं चुकलं होतं.

तुमचीच,
पोर