उजव्या पायाचा गिअर

४ जून
बेड आला. ठेवायचा कुठे? पुढच्या खोलीत ह्यांची मोटरसायकल – विलायतेत बनलेली, सत्तर वर्षांची म्हातारी. खाली गळणाऱ्या तेलाचा ट्रे. रोज मीच ओतते. पूर्वी मी करवादले की हे म्हणायचे, "गळतंय म्हणजे आत आहे. थांबलं की घाबर." आता ह्यांच्याही तोंडातून गळतं, उजव्या कोपऱ्यातून. तेही मीच पुसते.

७ जून
दीर आले. गाडी विका म्हणाले. एक दातांचा डॉक्टर घेतोय, पण चालू करून दाखवा म्हणतो. मी म्हटलं, न्या एकदाची! नाहीतरी हिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला – सगळं उलटं. आणि ह्यांचा उजवा पायच गेला. ठेवायची कोणासाठी?
ह्यांना विचारलं. "नको." पण झटका आल्यापासून तोंडात तेवढाच शब्द उरलाय. चहाला नको म्हणतात आणि पितात. काय धरायचं त्याचं!

८ जून
चालू करून बघायला गेले, किकने उलटा दणका दिला. माझी नडगी काळीनिळी.

११ जून
डॉक्टर आला. दीर घामाघूम, इंजिन ढिम्म. हँडलच्या डाव्या मुठीखाली छोटा खटका आहे. तो दाबून किक हळू ढकलायची, आतला दट्ट्या माथ्यावरून सरकला की खटका सोडायचा, मग जोरात लाथ. कधी सरकला ते आम्हाला कळेना. ह्यांना कानानं कळायचं.
हे खुर्चीतून हात हलवायला लागले. खुर्ची ओढली जवळ. डाव्या हातानं खटका दाबला, डोळे मिटले. मी किक ढकलली. ह्यांनी खटका सोडून माझ्या दंडावर टिचकी मारली – मी घातली लाथ. सुरू! फळीवरची भांडी खाली. ह्यांच्या अर्ध्या तोंडाला हसू.
डॉक्टर खूश. रविवारी नेतो म्हणाला. म्हटलं, चला, ह्यांनीच विकली. सुटले.

१४ जून
टेम्पो दारात. डॉक्टर म्हणाला, निघायच्या आधी एकदा ऐकवा. मी किकवर पाय ठेवला. ह्यांची डावी मूठ मांडीवरच. आवळलेली.
"अहो, दाबा ना."
"नको."
परत सांगितलं. माझ्या डोळ्यांत बघून, सावकाश – "नको."
टेम्पो रिकामा पाठवला. दीर म्हणाले, वहिनी, तुमचंही डोकं गेलं. जाऊ दे. बेड स्वयंपाकघरात घातला. ओट्याशी आता अंग तिरकं करून शिरावं लागतं.

१५ जून
ट्रे ओतला. ह्यांचं तोंड पुसलं. गळतंय.
म्हणजे आत आहेत.