चित्र स्पष्ट होते, याचा पुरावा

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. ठाकूरद्वारच्या या घरात टीव्हीचे चित्र शेवटच्या दिवसापर्यंत स्पष्ट होते. ते गेले म्हणून राजलक्ष्मी माटुंग्याला मधुराकडे गेली. सबब ते परत आले की राजलक्ष्मी परत येईल. चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवल्यावर स्वतःच्या पत्नीविषयी याहून ढिसाळ मांडणी मला शोभणार नाही.

वस्तुस्थिती: अँटेनावर येणारे जुने ॲनालॉग प्रक्षेपण ३१ जानेवारीला बंद झाले. यापुढे हवेतून फक्त डिजिटल. २ फेब्रुवारीला ही लेकीकडे गेली. कारण आधी, कार्य नंतर. क्रम निर्दोष.

पुरावा: अडतीस वर्षे आमची पद्धत एकच. मी गच्चीवर अँटेनाचा पाइप फिरवतो आणि ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडून सांगते, आलं की गेलं. आलं म्हणाली की मी पाइप सुतळीने बांधून खाली येतो. मी स्वतः टीव्ही पाहत नाही; त्या वेळी माझे वाचन असते. परंतु गेली कित्येक वर्षे दर खेपेला पहिल्याच हाकेला आलं असे उत्तर मिळाले आहे. साक्षीदार विश्वासू, स्वार्थ शून्य.

केबल आणि डिश यांना या घरात स्थान नाही. हा प्रश्न १९९३ मध्येच निकालात निघाला. तेव्हा ही गप्प राहिली होती, म्हणजे सहमत होती.

५ फेब्रुवारी, दुपारी
माटुंग्याला फोन केला. मधुरा म्हणाली, बाबा, आई जरा पडलीय, नंतर करा ना. मी फोन धरून ठेवला. साडेचार मिनिटांनी ही आली. कधी येतेस विचारले. बघू म्हणाली. मग म्हणाली, तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घाला, नाहीतर किडे होतील. जिला इथल्या तांदळाची चिंता आहे तिचा परतण्याचा इरादा आहे, हे उघड आहे.
नोंद: होकार.

७ फेब्रुवारी, सकाळी ११
गच्चीवर गेलो. पाइप उत्तरेला, वरळीच्या मनोऱ्याकडे वळवला आणि हाक मारली. उत्तर नाही. गॅलरीत कोणी नाही हे हाक मारल्यानंतर ध्यानात आले.

तिसऱ्या मजल्यावरची अपेक्षा घरूनच ऑफिस करते. तिला आमच्या टीव्हीसमोर उभे केले. तिने मोबाइलवर कळवले की काका, नुसत्या मुंग्या आहेत. पाइप चारही दिशांना फिरवला. तरी मुंग्याच. मग तिने सुचवले की काकूंना सगळं मोबाइलवरच लावून द्या ना, त्यात काय एवढं. आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेली.
अननुभवी साक्षीदार. प्रयोग रद्द.

९ फेब्रुवारी
लॅमिंग्टन रोड. चार दुकानांत अँटेना म्हटल्यावर हसले. पाचव्यात दीपेश नावाचे गृहस्थ भेटले. म्हणाले, अंकल, हे सामान आता शूटिंगवाले भाड्याने नेतात; डिश लावून टाका, विषय संपवा. विषय संपवणे आणि विषय टाळणे यांतला भेद मी त्यांना समजावून सांगितला. पंचवीस मिनिटे. मधूनमधून ते हो अंकल, बरोबर अंकल, एकदम करेक्ट अंकल असे म्हणत होते. समंजस मनुष्य. शेवटी म्हणाले, डिजिटलचा बॉक्स मागवतो तुमच्यासाठी, आठवड्याने या, पण आता मला जेवायला सोडा.
एका माणसाचे तरी मतपरिवर्तन झाले.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
काशीबाई आली. ही कोळीण वीस वर्षे दारावर मासळी देते. विचारू लागली, बाय कवा येनार? म्हटले, टीव्ही चालू झाल्यावर. सवयीने दोघांचे बोंबील घेतले. टोपली डोक्यावर घेताना ती म्हणाली, मास्तर, टीवीपायी कोन बाय घर सोडत नाय. मी तिला सांगितले की वीस वर्षांत पाहिलेल्या चार घरांवरून सर्व स्त्रियांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. ती म्हणाली, व्हय मास्तर, आणि जिना उतरली.
बोंबील तळताना तुटतात असे दिसून आले. वरणभात. वरणही नव्हते; दहीभात.

१४ फेब्रुवारी, पूजेनंतर
पूजा आजवर हीच करत असे. बारा दिवस देव पारोसे होते, म्हणून आज मी केली. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा नाही. बोटाएवढी पितळी मूर्ती, लग्नात हिच्या आईने हिच्या ओंजळीत दिलेली. नवरी ती माहेरून घेऊन सासरी येते. ती घेऊन सासरहून निघण्याची पद्धत नाही. बाकी देव जागेवर. घंटा जागेवर. निरांजनही जागेवर.
अर्थ: पॉलिशला नेली असावी. माटुंग्याच्या बाजारात भांड्यांची चांगली दुकाने आहेत.
निश्चय: यावर अधिक विचार करायचा नाही.

सायंकाळी ६
केला. पॉलिशच.

१८ फेब्रुवारी
बॉक्स आणून जोडला. पडदा निळा, मधोमध नो सिग्नल. जुन्या काळी चित्र बिघडले तरी सावल्या हलत, थोडा आवाज येई. बातम्या चालू आहेत की तबला, हे अनुमानाने ठरवता येत असे. डिजिटलमध्ये तशी सोय नाही. आहे किंवा नाही. तर्कशास्त्राचा शिक्षक म्हणून हे मला आवडायला हवे होते.

दीपेशना फोन केला. म्हणाले, अंकल, जुन्या अँटेनावर नाही पकडणार, वेगळा लागतो, छोटा. देतो पाठवून. उंच लावा. आणि अंकल, स्वतः चढू नका हां. हो म्हटले.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
नवा अँटेना पाण्याच्या टाकीवर बसवला. लोखंडी शिडीच्या शेवटच्या तीन पायऱ्या ठरल्यापेक्षा लवकर उतरलो. डावा गुडघा सोलला. पडलो असे म्हणता येणार नाही. पाहणारे कोणी नव्हते.
राजलक्ष्मी असती तर पहिल्या हाकेलाच आलं म्हणाली असती आणि टाकीवर चढण्याची वेळच आली नसती. तिच्या गैरहजेरीचे हे प्रत्यक्ष नुकसान आहे. फोनवर सांगण्याजोगा मुद्दा.

२२ फेब्रुवारी, सकाळी ८.०५
आलं!
गच्ची ते घर अकरा खेपा. अकराव्या खेपेला पडदा उजळलेला. शेतीचा कार्यक्रम, टोमॅटोवरील करपा. पानावरचा एकेक डाग मोजता येतो. तज्ज्ञांच्या कोटाचे मधले बटण तुटले आहे, तेही दिसते. उभ्यानेच संपूर्ण कार्यक्रम पाहिला.

८.३५ ला माटुंग्याला फोन. आलं म्हणालो. ही म्हणाली, बरं झालं, बघा आता. मी म्हटले, तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.
नोंद: आनंद शब्दांत मावला नाही.
दिवाण झाडून घेतला. तिची उशी गॅलरीत उन्हाला टाकली.

२४ फेब्रुवारी, दुपारी
मधुरा आली. मी टीव्ही लावून दाखवला. तिने नीट पाहिलेही नाही. कपाट उघडून आईच्या साड्या मोठ्या बॅगेत भरू लागली. मी म्हटले, आता याची गरज नाही, चित्र पूर्वीसारखे आले आहे, किंबहुना पूर्वीहून चांगले.

ती हातातल्या साडीसकट पलंगावर बसली आणि म्हणाली, बाबा, पूर्वीसारखं म्हणजे कसं हो? समोर बिल्डरचा टॉवर उभा राहिला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या टीव्हीवर माणूस ओळखू आलेला नाही. आई मुंग्याच बघत बसायची.
मी म्हटले, पण ती आलं म्हणत असे.
मधुरा म्हणाली, एकदा गेलं म्हणाली होती. मी इथेच होते. तुम्ही खाली आलात आणि चित्र जाऊच कसं शकत नाही, ते तिला समजावलंत. तासभर. वाढलेली ताटं गार झाली. त्यानंतर ती टीव्हीकडे न बघताच गॅलरीत जाऊन आलं म्हणायची आणि पानं घ्यायला लागायची. आणि नुसतं टीव्हीचंच नाही हां बाबा. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, काशीयात्रा, माझं लग्न. तुम्ही बोललात की आई हो.
मी विचारले, मग तिने तसे सांगितले का नाही? मधुराला बॅगेची चेन लागेना, म्हणून तिने मला बॅग वरून दाबून धरायला सांगितली. धरली.

सायंकाळी
मधुराची साक्ष ऐकीव आहे. मूळ साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याखेरीज ग्राह्य धरता येणार नाही.

२७ फेब्रुवारी
माटुंगा. मुद्दे कागदावर लिहून नेले होते, एकूण सात.

जिन्यातच हसणे ऐकू आले. मोठ्याने, मध्येच खोकला लागेल असे. मला ते ओळखू आले नाही. दार उघडल्यावर पाहिले तर ही. शेजारणीबरोबर मेथी निवडत बसली होती. मला पाहून शेजारीण सावरून बसली आणि हसणे थांबले. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला. मधुरा म्हणाली, आई आल्यापासून तो कुणी लावलेलाच नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर अन्नपूर्णा, हळदकुंकू वाहिलेली, शेवंतीचे फूल. पॉलिश केलेले नव्हते.

पहिला मुद्दा मांडला. तिने मेथी निवडत ऐकून घेतला. दुसरा निम्म्यावर आला तेव्हा म्हणाली, अहो, चहा घ्या आधी. घेतला. साखर बरोबर होती. तीन आठवडे घरी जमलेली नाही. मग कागद खिशात ठेवला आणि विचारले, घरी येतेस का?

नाही म्हणाली.

आवाज चढवला नाही. मान खाली घातली नाही. पुढे काही कारण येईल म्हणून थांबलो, आले नाही. सेहेचाळीस वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला असल्यास आठवत नाही. कागद पुन्हा काढून तिसऱ्या मुद्द्याला सुरुवात केली. ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि आत गेली.
थोड्या वेळाने शेजारीण म्हणाली, काका, मेथी नेता का थोडी? निवडलेली आहे.
आणली.

२८ फेब्रुवारी, सकाळी
टीव्ही लावला. चित्र उत्तम. दहा मिनिटे पाहिले. काय पाहिले ते आठवत नाही. बंद केला.

मान्य करतो की, ज्या घरात गेलं म्हटल्यावर तासभर ऐकून घ्यावे लागत होते, त्या घरातले आलं मी पुरावा म्हणून वापरले. ही चूक माझी.

उर्वरित युक्तिवाद दोनदा तपासला. त्यात दोष आढळला नाही.

श्यामकांत विजयकर
ठाकूरद्वार