भिंतीपलीकडून ऐकलेला पिक्चर

आई, मी पुन्हा चारचौघांत भांडले, आणि या वेळी तुझ्यामुळे. तू असतीस तर पदर खोचून माझ्या बाजूने उभी राहिली असतीस, नाहीतर एवढ्याशा गोष्टीवरून तोंड कशाला उघडलंस म्हणून मलाच झापलं असतंस. तुझा भरवसा कधीच देता यायचा नाही.

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत ज्येष्ठांचा एक कट्टा भरतो. महिन्याला एक विषय असतो. मृत्युपत्र झालं, गुडघे झाले, प्राणायाम तर दोनदा झाला. या खेपेला कुणाच्या तरी डोक्यात आलं की आजवरच्या पिक्चरांत सगळ्यात उत्तम संगीत कुठल्या पिक्चरचं, यावर वाद घालायचा. ज्याने त्याने आपला पिक्चर मांडायचा आणि पुढच्या रविवारी हात वर करून निकाल लावायचा. जिंकेल त्याची गाणी सोसायटीच्या वर्धापनदिनाला वाजणार. मला वाटलं, केस पांढरे झालेली माणसं आहेत, जरा कानाने विचार करतील. कसलं काय. एकाने मोबाइल काढून त्याच्या गाण्याला किती लोकांनी पसंती दिली ते वाचून दाखवलं, जसा काही निवडणुकीचा निकाल. एका बाईंचा पिक्चर श्रेष्ठ का, तर त्यांच्या वरातीत बँडने तेच वाजवलं होतं. आणि बी विंगमधले ते निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांच्याशी पार्किंगपासून कबुतरांच्या जाळीपर्यंत माझं कशावरच पटलेलं नाही, त्यांनी सरळ हिशेब मांडला. ज्या पिक्चरची जास्त गाणी गाजली तो श्रेष्ठ, विषय संपला. मी विचारलं, गाणी सोडून उरलेल्या पिक्चरचं काय? एक गाणं संपल्यावर दुसरं लागेपर्यंत वाजवणारे घरी जेवायला जातात का?

"मॅडम, ते बॅकग्राउंड असतं," ते म्हणाले. "ते कोण ऐकतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते कोण ऐकतं म्हणे. लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आल्यापासून तू दुसरं काय ऐकलंस? आपल्या स्वयंपाकघराची भिंत म्हणजे थेटरची मागची भिंत. तिच्या पलीकडे पडदा, आणि पडद्यामागे कर्णे लावलेले. आपली फडताळं ज्या भिंतीला ठोकलेली होती तिच्यातूनच नायक नायिकेला वचन द्यायचा, आणि मारामारीला डबे थरथरायचे. बाबा दुसऱ्या पाळीहून येऊन ढाराढूर झोपायचे. तू मात्र पिक्चरवर स्वयंपाक लावायचीस. दुपारच्या खेळात बहिणीचं गाणं लागलं की भात चढवायचा, कोर्टातला सीन सुरू झाला की आमटीला फोडणी. एकदा खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला तर आपण सगळे उशिरा जेवलो, आणि घड्याळ समोर टांगलेलं असून ते तुझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि यातला एकही पिक्चर तू पाहिला नाहीस. बाबांनी एकदा तिकिटं आणली होती, तर म्हणालीस, रोज ऐकतेय तेवढं पुरे आहे, बघून काय नवीन कळणार? गोष्ट तू स्वतःच रचायचीस. कोण रडतंय, का रडतंय, दार आपटून कोण गेलं, सगळं तुला पक्कं ठाऊक असायचं आणि चाळीतल्या बायकांना तू ते छातीठोकपणे सांगायचीस. पिक्चर बघून आलेली एखादी म्हणाली की अहो वहिनी, ती त्याची बायको नाही, आई आहे, तर तू तिलाच वेड्यात काढायचीस. पिक्चर बदलायचा तो शुक्रवारी, म्हणून त्या सकाळी तू उतरलेल्या पिक्चरचा निकाल द्यायचीस. मी शाळेच्या गणवेशात ओट्याशी उभी, तू भाजी चिरतेयस आणि सांगतेयस की गाणी बरी होती, पण कुणी जिना चढायला लागलं की वाजवणाऱ्यांना काही सुचत नव्हतं. तो माणूस जिना चढतोय हे तुला कसं कळलं, असं मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना कळतं.

मग कॉन्व्हेंटने माझे कान बदलले. तिथे एक सिस्टर आम्हाला पियानोवर प्रार्थना शिकवायच्या, आणि सिनेमाचं संगीत म्हणजे बाजारू, असं त्यांचं ठाम मत होतं. मी सातवीत असेन. घरी येऊन, भिंतीतून व्हायोलिनं वाजत असताना, मी तुला इंग्रजीत सांगितलं की हे चीप आहे. तुला शब्द कळला नसेल, सूर बरोबर कळला. तू पोळी तव्यावर तशीच ठेवून वळलीस.

"काय गो, कान धुवून आणलेस वाटतं शाळेतून?" तू म्हणालीस. "मग आता नीट ऐक."

आणि मला त्या भिंतीशी उभं केलंस. पोळी जळली. मी रागाने धुमसत उभी होते, आणि त्या धुमसण्यातच मला पहिल्यांदा लक्षात आलं की व्हायोलिनांच्या खाली आणखी एक वाद्य हळूहळू चालतंय, जे शाळेतल्या त्या पियानोला कधी जमलं नसतं. हे मी सिस्टरांनाही सांगितलं नाही आणि तुलाही नाही. तू विचारलंही नाहीस. जळकी पोळी तेवढी माझ्या ताटात वाढलीस.

आपल्या त्या थेटरात नवे पिक्चर लागायचे नाहीत. दुसरीकडे गाजून आलेले लागायचे, म्हणून गर्दी ठरलेली. आपल्या आठवणीत एकदाच मालकाची मती फिरली आणि त्याने एक कोरा पिक्चर आणला, तो एका आठवड्यात उतरला. नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे, आणि दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही हे आता मला कळलंय. त्या शुक्रवारी तू भाजी चिरता चिरता थांबलीस. म्हणालीस, असं संगीत यापूर्वी झालं नाही आणि पुढे होणार नाही. गाण्यांबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. तू बोललीस ती मध्यावरच्या त्या तुकड्याबद्दल. एकटी क्लॅरिनेट, तिला तू काळी पिपाणी म्हणायचीस, कुणाची घाई नसल्यासारखी वाजत राहते, मागे ना तबला ना कुणाचं बोलणं. सीन तुझ्या मते असा होता की नायिका खूप वर्षांनी माहेरी येते, घरातली सगळी माणसं गेलेली असतात, आणि ती नुसती एकेका वस्तूला हात लावत फिरते. "कुणीतरी रिकाम्या जागेत एकटंच वाजवतंय," असंही म्हणाली होतीस.

तो तुकडा तू जन्मभर गुणगुणलीस. बाबा गेल्यावर मी तुला नेरूळच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे खाडीपर्यंत नुसती मोकळी जमीन होती. पहिल्याच दिवशी तू भिंतीला कान लावलास आणि विचारलंस, पलीकडे कुणीच नाही का गं? मी ऑफिसातून यायचे तेव्हा तू कुकरसमोर तेच गुणगुणत उभी असायचीस. मला वाटायचं, किती दिवस तेच तेच. आता तिथे टॉवर उभे आहेत, आणि मला तो तुकडा सगळा पाठ आहे.

म्हणून मी कट्ट्यावर तुझा पिक्चर मांडला. कुणीच नाव ऐकलेलं नव्हतं. मॅनेजर हसले आणि म्हणाले, अहो, तो चाललाच नाही. मी म्हटलं, तुमच्या बँकेतली कर्जंही चालली नव्हती, तरी तुम्हाला बढती मिळालीच ना? बायका हसल्या, ते नाही हसले. मग सेक्रेटरींनी मोबाइलवर शोधलं, आणि निघाला की गं तो पिक्चर, कुणीतरी चढवून ठेवलेला. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, पुढच्या रविवारी क्लबहाउसच्या पडद्यावर लावू, मग मतदान. मी सगळ्यांना बजावून ठेवलं की गाण्यांकडे लक्ष देऊ नका. मध्यावर नायिका माहेरी येते तिथे कान उघडे ठेवा, आणि मग मला सांगा बॅकग्राउंड कोण ऐकतं ते. आठवडाभर मी धड झोपले नाही. तुझा निकाल इतक्या वर्षांनी शहाण्यासुरत्या माणसांपुढे जाणार होता, आणि तो मला मान्य करून हवा होता. तुला कधी कुणी विचारलं नव्हतं ना, की तुमचं मत काय म्हणून.

काल मी तुझा पिक्चर पाहिला. तू रचलेली गोष्ट त्यात कुठेच नाही. तू जिला सवत म्हणायचीस ती नायिकेची मैत्रीण आहे, आणि जिथे नायिका हुंदके देते असं आपण समजत होतो तिथे ती पोट धरून हसतेय. एरवी मीही हसले असते. पण मी क्लॅरिनेटची वाट बघत होते. मध्यंतर आलं, गेलं. माहेर आलंच नाही, नायिकेला माहेरच नाही, ती अनाथ आहे. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते आणि आजूबाजूचे पडद्याऐवजी माझ्याकडे बघायला लागले होते. शेवटची पाटी आली. सगळे माझी नजर चुकवत खुर्च्या सरकवायला लागले, आणि टोमण्यापेक्षा मला तेच लागलं. मग मी म्हटलं की ही प्रत कापलेली आहे. सेक्रेटरी बिचारे म्हणाले, असेल, असेल. हात वर झाले आणि मॅनेजरांचा पिक्चर जिंकला. माझ्या बाजूने एकच हात होता, माझाच.

लोक चहाकडे वळले. मी पर्स शोधत होते तर मॅनेजर शेजारी येऊन उभे राहिले. मी तयारच होते, जिभेवर दोन उत्तरं होती. त्यांनी विचारलं, मॅडम, हा पिक्चर तुम्ही कुठे ऐकला होता? मी थेटरचं नाव सांगितलं, भिंतीचं सांगितलं आणि त्या क्लॅरिनेटचंही सांगितलं. ते म्हणाले की कॉलेजात असताना ते तिथे नेहमी जायचे, आणि एकदाच तिथे पडेल पिक्चर लागला तेव्हा आठवडाभर पंख्याखाली झोपायला गेले होते, तो हाच असणार.

"तिथे इंटरव्हलला एकच रेकॉर्ड लागायची," ते म्हणाले. "प्रत्येक पिक्चरला तीच. पण हाउसफुल्लला कोणाला ऐकू येणार? वडेवाले, शिट्ट्या, पोरांची रडारड. पब्लिक नसलं तरच ऐकू यायची." आणि त्यांनी ती गुणगुणून दाखवली.

तीच होती, आई. ती त्या पिक्चरची नव्हतीच, कुठल्याच पिक्चरची नव्हती. रोज वाजत होती आणि लोकांच्या कालव्याखाली बुडत होती. तो एक आठवडा पलीकडे कुणी आलं नाही, म्हणून ती भिंतीतून तुझ्यापर्यंत पोचली. तुझी सवत चुकली, माहेर चुकलं, हुंदके चुकले. पण ती जागा रिकामी होती आणि तिथे कुणीतरी एकटंच वाजवत होतं, हे तू पोळ्या लाटता लाटता ओळखलं होतंस.

मला वाटलं होतं, मला अपमान वाटेल. काल घरी येऊन दिवे न लावता बराच वेळ बसले, तर अपमान काही सापडला नाही. राग आहे, तो कट्ट्यावरच्या लोकांचा आहे, आणि तो राहणार. वर्धापनदिनाला मॅनेजरांची गाजलेली गाणी वाजतील तेव्हा मी मुलीकडे कामोठ्याला जाऊन बसेन. सर्वश्रेष्ठ संगीत कुठलं हे हात वर करून ठरत असतं तर आपण शुक्रवारी भाजी कशाला चिरत बसलो असतो?

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुझा सीन पिक्चरमध्ये नाही, हे तुला कळवायची माझी हिंमत नाही. तू ऐकून घेतलंही नसतंस. त्या बायकांसारखं मलाही वेड्यात काढलं असतंस, आणि प्रत कापलेली आहे हे माझ्याआधी तूच म्हणाली असतीस.

एक तेवढं राहिलं. मॅनेजर गुणगुणायचे थांबले तेव्हा माझ्याकडे बघत होते, आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, शेवटच्या वळणावर तुमचा सूर उतरतो. ते म्हणाले, वय झालं, मॅडम. त्यांचा सूर उतरला नव्हता, आई.